जर्मनीत आइस हॉकी बघायला जाताय? मग या चुका टाळा

पहिली चूक तिकीट काढतानाच होते, आणि ती नावाची असते. 'एसएपी अरेना' मॅनहाइमला आहे, 'एसएपी गार्डन' म्युनिकला. मध्ये वेगवान गाडीने जवळपास तीन तासांचं अंतर. घाईत 'एसएपी' एवढंच वाचून हॉटेल बुक केलं, तर सामना एका गावात आणि आपण दुसऱ्यात. म्युनिकचा संघ २०२४ मध्येच या नव्या स्टेडियममध्ये आला. त्याआधीचे लेख तुम्हाला जुन्या ऑलिंपिया आइसस्टेडियमचा पत्ता देतील. बर्लिनमध्ये तर एकाच इमारतीची नावं बदलत गेली: ओटू वर्ल्ड, मग मर्सिडीज-बेंझ अरेना, आता उबर अरेना. आइसबेरेन बर्लिन हा संघ २००८ पर्यंत होहेनशोनहाउझेनच्या जुन्या रिंकवर खेळायचा, तेही नकाशावर सापडतं. म्हणून नाव नव्हे, तिकिटावरचा पूर्ण पत्ता नकाशात टाका.

नाव बदलतं तशी लीगही बदलते. 'कोलोन विरुद्ध ड्युसेलडॉर्फ ही डर्बी (शेजारच्या शहरांतली लढत) बघाच' असा सल्ला अजून जिकडेतिकडे वाचायला मिळतो. पण २०२४-२५ च्या हंगामात ड्युसेलडॉर्फ तळाला राहिलं आणि दुसऱ्या श्रेणीत उतरलं. सल्ल्यापेक्षा चालू हंगामाचं वेळापत्रक उघडा.

वेळापत्रकावरून आठवलं. आपल्याला आयपीएलची सवय, रोज संध्याकाळी सामना असणारच. इथे तसं नाही. वरच्या श्रेणीला डीईएल म्हणतात. त्यात १४ संघ, प्रत्येकाचे साखळीत ५२ सामने, आणि खेळ मुख्यतः शुक्रवारी आणि रविवारी. सोमवारी उतरून गुरुवारी परतणाऱ्याला बऱ्याचदा रिकामी बर्फाची लादी दिसते. शुक्रवार ते रविवार मध्ये घ्या, म्हणजे दोन शहरांत दोन सामने सहज होतात. नोव्हेंबरात राष्ट्रीय संघाच्या स्पर्धेसाठी लीग थांबते, तो आठवडा टाळा.

आता सर्वांत महागडी चूक. 'जायचंच आहे तर प्ले-ऑफलाच जाऊ' असं वाटणं साहजिक आहे, पण भारतातून जाणाऱ्यासाठी तो जुगार असतो. मार्च-एप्रिलमधल्या या फेऱ्यांत कोण कोणाशी खेळणार हे ऐनवेळी ठरतं. उपांत्यपूर्व फेरीपासून मालिका चार विजयांची असते, त्यामुळे ती चार सामन्यांतही आटोपते आणि सातव्याचं तिकीट कागदावरच राहतं. तिकडे शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो (सहा महिने आधीपासून देता येतो), अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो तो वेगळाच, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. दोन्हींचा मेळ बसत नाही. पहिल्याच खेपेला जानेवारी-फेब्रुवारीतले साखळी सामने धरा. तारखा आधीच माहीत असतात आणि गुणतक्त्यातली चुरसही तेव्हा रंगात आलेली असते. आणि व्हिसा हातात येईपर्यंत परत न करता येणारी तिकिटं घेऊ नका.

स्वस्तात स्वस्त तिकीट म्हणजे 'श्टेप्लात्स', उभं राहण्याची जागा. बसायला काही नाही, जागेला क्रमांक नाही, पायऱ्यांवर खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. ढोल, झेंडे, अडीच तास गाणी. मला विचाराल तर जर्मन हॉकीची खरी मजा तिथेच आहे, पण मुलाकडे राहायला आलेल्या आई-बाबांना तिथे नेणं म्हणजे त्यांची परीक्षा पाहणं. त्यांच्यासाठी 'झिट्सप्लात्स', म्हणजे बसण्याची जागा घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. स्वतः उभे राहणार असाल तर लवकर पोहोचा, नाहीतर सगळा सामना पुढच्याच्या झेंड्याआडून बघावा लागतो. पाहुण्या संघाची जर्सी घालून यजमानांच्या उभ्या स्टँडमध्ये घुसू नका, पाहुण्या चाहत्यांसाठी वेगळा ब्लॉक असतो. बसून बघणाऱ्यांना एक सांगतो: काचेला चिकटून पहिली रांग घेऊ नका. धडका जवळून दिसतात, पण पलीकडच्या गोलपाशी काय चाललंय ते कळत नाही. थोडं वरचं, मधल्या उंचीवरचं आसन बघा. तरीही पकवरची, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीवरची, नजर हटवू नका. जाळी गोलांच्या मागे असते, बाजूने पक क्वचित बाहेर येतोच.

थंडीचा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. कोलोन, बर्लिन, मॅनहाइमची अरेना मैफलींसाठीही वापरतात, तिथे साधं जॅकेट पुरतं. श्ट्राउबिंग, इझरलोन यांसारख्या छोट्या गावांची स्टेडियमं मात्र खऱ्या अर्थाने बर्फाची. तिथे गारठा आधी तळपायांतून चढतो, म्हणून पातळ तळाचे बूट नकोत, लोकरीचे मोजे घाला. पाठीवरची मोठी सॅक हॉटेलवरच ठेवा. बऱ्याच ठिकाणी ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत.

शाकाहारी माणसाने पोट भरून जावं. स्टॉलवर सॉसेजचं राज्य असतं. आपल्या वाट्याला तळलेले बटाटे आणि ब्रेत्सेल (गाठीच्या आकाराचा खारट पाव). पेयाच्या ग्लासाला अनामत लावतात, ग्लास परत केला की ती मिळते. तो 'भेट' समजून घरी नेला तर पैसे गेले.

परतीच्या गाडीचा घोळ बहुतेकांचा होतो. सामना कागदावर साठ मिनिटांचा, पण घड्याळ वारंवार थांबतं आणि मधल्या दोन विश्रांती लांबलचक, त्यामुळे अडीच तास धरा. साखळीत बरोबरी झाली तर पाच मिनिटांचा ओव्हरटाइम आणि मग पेनल्टी, एवढ्यावर सुटका होते. प्ले-ऑफमध्ये मात्र गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटं खेळत राहतात. २२ मार्च २००८ रोजी कोलोन आणि मॅनहाइम यांचा सामना १६८ मिनिटं १६ सेकंद चालला, सहाव्या ओव्हरटाइमपर्यंत. रेल्वेचं स्वस्त 'श्पारप्राइस' तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं, ती चुकली की नवीन तिकीट काढावं लागतं. म्हणून शेवटच्या गाडीचं असं तिकीट काढू नका, त्याच गावात मुक्काम करा. रेल्वेच्याच उशिरामुळे तुम्ही मुक्कामी तासभर उशिरा पोहोचलात, तर भाड्याचे २५ टक्के परत मागता येतात, दोन तासांना ५०. तिकीट जपून ठेवा.

आणि शेवटचा भोंगा वाजला की जमा केलेला कोट परत घ्यायच्या रांगेकडे धावू नका. जिंकलेला संघ उभ्या स्टँडसमोर येतो, काठ्या वर करतो, चाहत्यांबरोबर गातो, उड्या मारतो. ते संपेपर्यंत रांगही निम्मी झालेली असते.