हुरूप कशाने येतो आणि शीण कशाने, हे ओळखण्याची एक रीत

आपल्याला कशाने हुरूप येतो आणि कशाने शीण येतो, असे थेट विचारल्यास बहुतेकांजवळ उत्तर तयार असते. मात्र त्यात प्रत्यक्ष अनुभवापेक्षा स्वतःविषयीच्या जुन्या समजुतींचाच भाग मोठा असतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचे प्रसंगवार तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातील मनःस्थिती नोंदवण्यास सांगितले होते. त्या नोंदींत मनाच्या प्रसन्नतेच्या बाबतीत मुलांची देखभाल टीव्ही पाहण्याच्याही खाली गेली. याचा अर्थ त्या स्त्रियांना मुले नकोशी होती असा मुळीच नाही. एखादी गोष्ट मोलाची असणे आणि ती करत असताना मन प्रसन्न असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि केवळ आठवणीवर विसंबले की त्यांची सरमिसळ होते.

म्हणून सुरुवात नोंदीपासून करावी. सुमारे दोन आठवडे, सुट्ट्याही धरून, दिवसातील ठळक प्रसंग त्याच दिवशी वहीत लिहावेत: काय करत होतो, कोणाबरोबर, किती वाजता, आणि ते काम स्वतः पत्करले होते की अंगावर येऊन पडले होते. प्रत्येक प्रसंगापुढे दोन आकडे मांडावेत, एक उत्साहाचा आणि एक ताणाचा. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थेअर यांनी या दोहोंचा वेगवेगळा विचार केला होता, आणि व्यवहारातही तो भेद फार उपयोगी पडतो. मुदत डोक्यावर आली की अंगात जी तरतरी येते ती उत्साहासारखीच भासते. एकच आकडा ठेवला, तर ही उसनी तरतरी ‘आवडते काम’ म्हणून खपून जाते आणि तिची किंमत दुसऱ्या दिवशीच्या मरगळीत मोजावी लागते.

आकडे केवळ काम करतानाचे असून भागत नाही. माझ्या मते या साऱ्या खटाटोपातील सर्वांत बोलकी नोंद ही काम सुरू करण्याआधीची आणि ते संपल्यानंतर तासाभराची असते. व्यायाम, अवघड विषयाचे वाचन, बरेच दिवस टाळलेला फोन यांपूर्वी मन मागे सरते, पण नंतर बहुधा हलके वाटते. मोबाइलवर विनाकारण बोट फिरवत बसण्याचे नेमके उलट आहे, तिथे आधी ओढ असते आणि नंतर डोके जड होते. कंटाळा येतो म्हणजे ते काम आपल्याला शिणवते, असा निष्कर्ष काढणारे इथेच फसतात. तसेच श्रमाचा थकवा आणि शीण यांतही गल्लत होऊ देऊ नये. दिवसभर मनाजोगे काम करून दमलेला माणूस रात्रीच्या झोपेने ताजातवाना होतो. सकाळी उठताच त्या कामाच्या विचाराने पुन्हा गळून जायला होत असेल, तर केवळ विश्रांतीने भागणारे ते प्रकरण नाही.

पुरेशा नोंदी जमल्या की त्या एकत्र वाचाव्यात, आणि वाचताना ‘नोकरी’, ‘घर’, ‘माणसे’ असल्या ढोबळ शब्दांवर थांबू नये. शिकवण्याने शीण येतो असे म्हणणाऱ्या शिक्षकाने पाठाची तयारी, प्रत्यक्ष वर्ग, उत्तरपत्रिका तपासणे आणि अहवाल भरणे यांचे आकडे वेगळे काढले, तर दोष बहुधा यांतील एखाद-दोन कामांकडेच जातो. कधी कामही निर्दोष असते आणि परिस्थिती नडते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तानुसार स्वतःच्या मर्जीने वागता येणे, आपल्याला जमते आहे असे वाटणे आणि माणसांशी आपुलकीचे नाते असणे या माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा आहेत. शीण आणणाऱ्या प्रत्येक प्रसंगाला यांतील नेमके काय कमी पडले, असे विचारून पाहावे. याखेरीज वारंवार होणारे व्यत्यय तपासावेत, कारण एक काम अर्धवट टाकून दुसरे घेतल्यावर मनाचा काही भाग पहिल्यातच गुंतून राहतो. सकाळी उत्तम होणारे काम दुपारी नकोसे वाटत असेल, तर मात्र तो वेळेचा प्रश्न असतो आणि वेळ बदलून सुटू शकतो.

एक खबरदारी आवश्यक आहे. झोप पुरेशी असूनही आठवडेच्या आठवडे सगळ्याच प्रसंगांपुढचे उत्साहाचे आकडे खाली राहत असतील, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस उरला नसेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटावे. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, झोपेत श्वास अडकणे आणि नैराश्य या सर्वांत असाच थकवा येतो.

शीण आणणारे सारेच सोडून देता येत नाही, आणि आजारी माणसाची सेवा यासारखी काही कामे सोडावीशीही वाटत नाहीत. अशा कामांची वेळ बदलता येते, ती कोणाशी वाटून घेता येतात, किंवा त्यांच्यामागे लगेच हुरूप देणारे काही ठेवता येते. मात्र एका वेळी एकच बदल करावा आणि तो दोन आठवडे टिकवून त्याच पद्धतीने पुन्हा आकडे मांडावेत. फरक पडला नाही, तर काढलेले कारण चुकीचे होते असे धरून नोंदींतून सुचणारे दुसरे कारण तपासायला घ्यावे.