स्वस्तातला पटर घेताय? आधी घरातल्या फरशीवर स्वतःचा स्ट्रोक बघा

नाशिकमधे गोल्फ शिकणारे आपण मोजकेच, त्यामुळे पटर, म्हणजे बॉल होलकडे हळूच लोटायची गोल्फची काठी, घ्यायचा म्हटलं की विचारायला माणूस सापडत नाही. रिक्षावाल्याला गोल्फ क्लब म्हणालात तर तो थेट हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर नेणार, तिथे क्रिकेट चालतं आणि सकाळी चालायला येणारी मंडळी असतात, गोल्फचं फक्त नाव राहिलंय. मग आपण मोबाईलवर रिव्ह्यू बघत बसतो आणि जो पटर टीव्हीवर दिसला तो भारी असं धरून चालतो. मी तेच केलं. पहिला पटर मुंबईतल्या एका दुकानातून घेतला, ३५ इंची मोठा मॅलेट, म्हणजे जाड, रुंद डोक्याचा, माझी उंची पाच फूट पाच इंच, पण दुकानात कोणी टेप लावला नाही की स्ट्रोक मारून दाखवा म्हटलं नाही. आठ महिने बॉल होलच्या उजवीकडूनच जात राहिला आणि मला वाटायचं आपला हातच खराब आहे. नंतर ३३ इंची साधा सेकंडहँड ब्लेड, म्हणजे पातळ डोक्याचा, साडेतीन हजारात घेतला आणि पहिल्याच आठवड्यात फरक कळला. म्हणून सांगतो, पैसे नंतर, आधी स्ट्रोक.

एक हिशोब करून बघा. होलची रुंदी सव्वाचार इंच, म्हणजे मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत साधारण २.१ इंच. दहा फुटांवरून पट करताना फेस, म्हणजे पटरची बॉलला लागणारी सपाट बाजू, फक्त एक डिग्री वाकडा असला तरी बॉल होलपाशी पोचेपर्यंत साधारण २.१ इंच सरकलेला असतो, म्हणजे बरोबर कडेवर. दोन डिग्री चुकलात तर विषयच संपला. बॉल कुठल्या दिशेला सुटणार हे मुख्यतः फेस ठरवतो, त्यामुळे तुमच्या हाताच्या सवयीप्रमाणे जो पटर आपोआप सरळ येतो तोच तुमचा, मग तो कितीचा का असेना.

आता हाताची सवय ओळखायची कशी? कुणाचा तरी पटर दोन दिवस उसना घ्या. घरात फरशीचा सरळ सांधा असतो ना, दोन टाइल्समधला, त्यावर साधी टाल्कम पावडर दोन-अडीच फूट लांब पातळ पसरा. रांगोळी नको, ती खरखरीत असते, उसन्या पटरवर ओरखडे पडतील. मग बॉल न ठेवता पटरचा तळ पावडरला जेमतेम घासेल असे नेहमीसारखे स्ट्रोक मारा, मुद्दाम सरळ न्यायचा प्रयत्न करू नका, गप्पा मारत मारा हवं तर. दोन-तीन स्ट्रोक झाले की पावडर पुन्हा सारखी करा आणि असं वीसेक वेळा करा. पावडरमधे जो पट्टा उमटतो तो बघा. तो सांध्याला धरून मागे-पुढे गेला असेल तर तुमचा स्ट्रोक सरळ, दोन्ही टोकं थोडी आतल्या बाजूला म्हणजे तुमच्या पायांकडे वळली असतील तर हलकी कमान, आणि चांगलीच वळली असतील तर मोठी कमान. बहुतेकांची हलकी कमान निघते, कारण पटरचा दांडा मुळात तिरका असतो आणि खांद्यांभोवती फिरताना तो थोडा आत येणारच, त्यात चूक काही नाही.

मग पटर बघायचा. दुकानात गेलात की शाफ्ट, म्हणजे दांडा, डोक्याच्या थोडा वर एका बोटावर आडवा तोलून धरा. फेस आकाशाकडे बघत सपाट राहिला तर तो फेस बॅलन्स्ड, सरळ स्ट्रोकवाल्यांना सहसा हा जमतो. टो, म्हणजे डोक्याचं तुमच्यापासून लांबचं टोक, खाली लोंबलं तर त्याला टो हँग म्हणतात, थोडं लोंबलं तर हलक्या कमानीला, पार जमिनीकडे गेलं तर मोठ्या कमानीला. माझी कमान मोठी आणि पटर फेस बॅलन्स्ड, म्हणून फेस वेळेवर बंदच होत नव्हता आणि बॉल उजवीकडे. हे काही दगडावरची रेघ नाही, उलट जोडी घेऊन छान खेळणारेही आहेत, पण नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मॅलेट म्हणजे फेस बॅलन्स्ड, ब्लेड म्हणजे टो हँग असं डोळे झाकून धरू नका, शाफ्ट डोक्याला कुठे आणि कसा जोडलाय त्यावर ते ठरतं, म्हणून बोटावर तोलूनच बघा, पाच सेकंदांचं काम आहे.

लांबीकडे आपल्याकडे कोणी लक्षच देत नाही. दुकानात बहुतेक ३४ किंवा ३५ इंची मिळतात, आणि लांब पटर घेतला की आपण नकळत सरळ उभे राहतो, नजर बॉलच्या आत पडते आणि नेम चुकतो. घरी गवंड्याचा ओळंबा असेल तर उत्तम, नाहीतर दोऱ्याला किल्ली बांधा, बॉलपाशी पट करायला उभे राहा, हात खांद्यापासून सैल सोडा, आणि दोरा नाकाच्या मुळाशी धरा, किल्ली बॉलवर किंवा बॉलच्या किंचित आतल्या बाजूला आली पाहिजे. या पोझिशनमधे कुणाकडून तरी तळहातापासून जमिनीपर्यंतचं अंतर दांड्याच्या तिरक्या रेषेत टेपने मोजून घ्या आणि त्यात वर धरायला उरेल तेवढं मिळवा, तुमची लांबी मिळाली. पटर जमिनीवर टेकवल्यावर टो फार वर उचललेला दिसला तरी समजा की लांबी किंवा उभं राहणं जमत नाहीये.

जास्त लांब पण बाकी मस्त पटर स्वस्तात मिळाला तर सोडू नका. स्टीलचा शाफ्ट सातपूर-अंबडकडे ओळखीच्या वर्कशॉपमधे पाइप कटरने इंचभर कापून मिळतो, ग्रिप काढून वरच्या टोकाकडून कापायचा, खालून नाही. फक्त कापल्यावर डोकं हातात हलकं लागतं, तेव्हा डोक्याच्या खाली थोडी लेड टेप, म्हणजे शिशाची चिकटपट्टी, चिकटवा, राउंड सुरू व्हायच्या आधी लावलेली असली की नियमात बसते. पटरची मान, म्हणजे दांडा डोक्याला जोडतो तो भाग, वाकवून अँगल बदलायच्या फंदात मात्र घरी पडू नका.

बजेटचं म्हणाल तर नवीनच हवा असेल तर डेकॅथलॉनच्या इनेसिस ब्रँडचा बघा, सुरुवातीला पुष्कळ झाला. नाहीतर नामी कंपनीचं दोन-तीन वर्षं जुनं मॉडेल सेकंडहँड. पटरमधे जुनं म्हणजे वाईट असं नसतं, पिंग कंपनीचे कार्स्टन सोल्हाइम यांनी १९६६ मधे आन्सर नावाचा पटर काढला, वजन टो आणि हील, म्हणजे डोक्याचं तुमच्याकडचं टोक, यांच्याकडे वाटलेला, आणि आजही जवळपास प्रत्येक कंपनी त्याच घडणीचा एक तरी पटर विकते. सेकंडहँड घेताना शाफ्ट डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम धरून बघा वाकलाय का, डोकं कानाजवळ हलवून खुळखुळ ऐका, आणि फेसमधे मऊ पट्टी बसवलेली असेल तर तिच्या कडा नखाने तपासा. ग्रिप झिजलेली असेल तर भाव पाडायला ते चांगलं कारण आहे, ग्रिप बदलता येते. मनगटं फार चालत असतील तर थोडी जाड ग्रिप बसवून बघा. अगदी नव्या मॉडेलची नवीकोरी वस्तू पाव किमतीत देतो म्हणाला तर घेऊ नका, नकली माल भरपूर आहे.

जमलं तर पावसाळ्यातही एकदा बाहेर मारून बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गवत ओलं आणि जड असतं, बॉल स्वतःच्या वजनाने किंचित रुतलेला असतो, म्हणून फेसला तीन-चार डिग्री लॉफ्ट, म्हणजे मागे कललेला कोन, असतो तो बॉल खळग्यातून वर काढायला. हात पुढे ढकलून पट करायची सवय असेल तर हा लॉफ्ट कमी होतो आणि बॉल आधी उड्या मारतो, अशा वेळी विकत घेतानाच चार डिग्रीचा मागा.

घेतल्यावर पहिले पंधरा दिवस दुसरं काही करू नका, हॉलमधे सतरंजी अंथरा, दोन स्टीलचे पेले पटरच्या डोक्यापेक्षा बोटभर जास्त अंतरावर उभे ठेवा आणि त्यांच्या मधून बॉल मारा, पेला वाजला की तो स्ट्रोक बाद.