पॉर्क्युपाइन ट्रीकडे परतताय? या चुका टाळा

कॉलेजात पॉर्क्युपाइन ट्री हा ब्रिटिश रॉक बँड ऐकणारी आमची खान्देशातली पिढी आता चाळिशीला आली. २००९ च्या डिसेंबरात तो मुंबई आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेला, तेव्हा ओळखीतली काही पोरं जळगाव-भुसावळहून रात्रीची गाडी पकडून गेली होती. पुढे नोकरी, घराचे हप्ते, मुलांच्या शाळा. मग २०२२ मध्ये ‘क्लोजर/कंटिन्युएशन’ हा त्यांचा नवा अल्बम आला आणि एकेकाला जुनं आठवायला लागलं. अशी माणसं मला फोन करतात आणि जवळजवळ सगळी त्याच चार-पाच ठिकाणी अडकलेली असतात.

सर्वात जास्त घोळ होतो तो गाण्यांच्या क्रमाचा. भुसावळच्या एका मित्राने २००९ चा अल्बम ‘द इन्सिडेंट’ ऐकायला घेतला आणि चौथ्या दिवशी फोन केला, “भाऊ, हे तर नुसतं तुटक तुटक वाजून राहिलं. कशाचा कशाला मेळ नाही.” मी त्याच्या घरी गेलो. हॉस्टेलवर कोणाच्या तरी कॉम्प्युटरवरून कॉपी केलेल्या फायली, तोच फोल्डर सीडीवरून पेनड्राइव्हवर आणि तिथून मोबाइलवर आलेला. फायलींच्या नावात गाण्यांचे क्रमांक नव्हते, त्यामुळे मोबाइल ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावत होता.

या अल्बमची पहिली सीडी म्हणजे चौदा भागांची, सुमारे ५५ मिनिटांची एकच सलग रचना. काही भाग दोन मिनिटांचेही नाहीत. ते मागच्या-पुढच्याला जोडूनच उभे राहतात. मित्राकडे तेराव्या क्रमांकाचा ‘सर्कल ऑफ मेनियाज’ सुरुवातीलाच येत होता. ज्यावर सगळं शांत होऊन संपतं, तो ‘आय ड्राइव्ह द हर्स’ पाचवा. सलामीचा ‘ऑकम्स रेझर’ सातवा. त्याची दणदणीत सुरावट दहाव्या भागात, ‘डिग्री झीरो ऑफ लिबर्टी’मध्ये, पुन्हा ऐकू येते, इथे तो दहावा भाग दुसरा झाला होता. मूळ सुरावट अजून कानावर पडलेलीच नाही, तर ती परत आल्याचं कळणार कसं? ‘टाइम फ्लाइज’ हा जवळपास बारा मिनिटांचा भाग मधोमध हवा, तो शेवटून दुसरा. इतकी वर्षं त्याने हा अल्बम असाच ऐकला होता आणि ‘यांचा कमजोर अल्बम’ म्हणून सांगत फिरत होता.

आम्ही त्या फायली काढून टाकल्या, अल्बम पुन्हा नीट घेतला आणि त्याच रात्री त्याच्या गच्चीवर सलग लावला. शेवटचा भाग संपला तरी तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पुन्हा लाव.”

म्हणून माझा शिरस्ता असा: आधी शफल बंद. मग ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रॉसफेड बंद, कारण तो एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडावर चढवतो. ‘आधी चांगली दोन गाणी सांगा, मग बघू’ म्हणणाऱ्यांना मी गाणी सांगत नाही, अल्बम सांगतो. तासभर बसायची तयारी नसेल तर हा बँड आत्ता नको. सवड होईल तेव्हा ऐका, तो कुठे पळून जात नाही.

दुसरी चूक खास आपल्याकडची: कूलर चालू ठेवून ऐकणं. मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळिशीला टेकला की कूलरशिवाय बसवत नाही, हे मान्य. पण त्याच्या घरघरीत या बँडचं अर्धं काम बुडून जातं. ‘डेडविंग’ अल्बमवरचं ‘अरायव्हिंग समव्हेअर बट नॉट हिअर’ घ्या. रिचर्ड बार्बिएरीचे कीबोर्ड इतके हळूहळू उगवतात की कूलरपुढे सुरुवात ऐकूच येत नाही. मग माणूस आवाज वाढवतो, पुढे जड गिटार आली की दचकून कमी करतो आणि बारा मिनिटं हाच खेळ चालतो. उन्हाळ्यात मी पहाटे गच्चीवर, हेडफोन लावून ऐकतो. ऊन चढायच्या आत एक अल्बम होतो.

पहिल्या अल्बमपासून क्रमाने सुरुवात करू नका. १९८७ मध्ये हा बँड नव्हताच. स्टीव्हन विल्सनचा एकट्याचा घरगुती उद्योग होता आणि १९९२ चा पहिला अल्बम त्या काळातल्या कॅसेटींमधून जमवलेला आहे. परतणाऱ्याने २००२ च्या ‘इन ॲब्सेन्शिया’पासून धरावं. गॅव्हिन हॅरिसन ड्रमवर आला तो इथे, आणि गिटारही इथेच जड झाली. तिथून पुढे २००९ च्या ‘द इन्सिडेंट’पर्यंत या, मग मागे आधीच्या ‘लाइटबल्ब सन’ आणि ‘स्टुपिड ड्रीम’कडे जा.

‘फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट’ मात्र ‘हा तर पाठ आहे’ म्हणून ओलांडू नका. २००७ मध्ये आपण त्यातल्या कंटाळलेल्या, पडद्याला चिकटलेल्या, गोळ्यांवर जगणाऱ्या पोराच्या जागी होतो. आता तसं पोर शेजारच्या खोलीत मोबाइल घेऊन बसलेलं असतं. सतरा मिनिटांचं ‘ॲनेस्थेटाइज’ आज बाप म्हणून, आई म्हणून ऐका. मला तरी ते पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त लागतं.

नव्या अल्बमवर पाच मिनिटांत निकाल देऊ नका. ‘पूर्वीसारखा बास नाही’ ही तक्रार येते, आणि तो नाहीच: जुना बासवादक कॉलिन एडविन यात नाही, बास विल्सनने स्वतः वाजवलाय. त्यातल्या ‘हॅरिडन’ गाण्याची सुरुवातच त्या बासवर, पाच मात्रांच्या चालीत आहे. तिथे पाय चुकला तर चुकू द्या, ऐकत राहा.

बाकीचं थोडक्यात. मोबाइलच्या स्पीकरवर नको. अर्थ समजावणारे व्हिडिओ आधी बघू नका. विल्सनचे एकट्याचे अल्बम यात मिसळू नका, ते वेगळं प्रकरण आहे. ‘अप द डाउनस्टेअर’ घेताना आवृत्ती बघा: १९९३ च्या मूळ अल्बममध्ये ड्रम मशीन आहे, २००५ च्या आवृत्तीत हॅरिसनने ड्रम नव्याने वाजवले आहेत. मी दुसरीच सुचवतो. आणि ‘ब्लँक प्लॅनेट’ झाल्यावर लगेच ‘निल रिकरिंग’ लावा. चारच गाणी आहेत, त्याच अल्बमच्या काळातली.