सेकंडहँड लॅपटॉप घेताय? मग आधी काळी स्क्रीन उघडा

मावसभावाने पुण्याच्या तापकीर गल्लीतून एक जुना लॅपटॉप आणला, दुकानदार म्हणाला विंडोज ११ आहे, वॉलपेपरही अकराचाच लावलेला, मग हा कशाला बघतोय, घरी आल्यावर कळलं की आत १० आहे आणि प्रोसेसर सातव्या जनरेशनचा म्हणजे ११ वर सरळ जाणारही नाही. दुकानातच एक मिनिट घातलं असतं तर वाचला असता.

तर काय करायचं, विंडोजचं बटण दाबून ठेवून आर दाबा, छोटा बॉक्स येतो त्यात सीएमडी टाईप करून एंटर. काळी खिडकी उघडली की पहिल्याच ओळीत व्हर्जन लिहिलेलं असतं, पण ते कोणी वाचतच नाही 😄 नसेल दिसत तर व्ही, ई, आर एवढी तीन अक्षरं टाका आणि एंटर.

आता इथे सगळे फसतात. विंडोज ११ असलं तरी तिथे १०.० च येतं! त्यामुळे त्याच्या पुढचा बिल्ड नंबर बघायचा. २२००० किंवा वर असेल तर ११, आणि १९०४५ दिसला तर ते १० चं शेवटचं व्हर्जन, ज्याचा रेग्युलर सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदाराशी भाव करायला हा एक आकडा पुरतो.

अजून खोलात जायचं तर सिस्टमइन्फो असं इंग्रजीत सलग, स्पेस न देता टाईप करा, थोडा वेळ घेतं मग लांबलचक यादी येते. त्यात विंडोजचं पूर्ण नाव, रॅम सगळं असतं. ८ जीबीच्या जागी जरा कमी दिसलं तर भांडू नका, थोडी रॅम ग्राफिक्सला राखून ठेवलेली असते. आणि ओरिजिनल इन्स्टॉल डेट म्हणजे लॅपटॉपचं वय नाही हां, मोठं अपडेट आलं की ती तारीख बदलते.

मॅक असेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे मॅकच्या अशाच कमांडच्या खिडकीत, एसडब्ल्यू, अंडरस्कोर, व्हीईआरएस टाका, व्हर्जन दिसतं.

लिनक्सवाले लगेच यूनेम मारतात, पण ते फक्त कर्नल, म्हणजे सिस्टमचा आतला गाभा सांगतं, लिनक्सचा कुठला प्रकार, उबुंटू आहे की फेडोरा ते नाही. त्यासाठी कॅट, मग स्पेस, मग स्लॅश ईटीसी स्लॅश ओएस हायफन रिलीज.

आणि हो, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट आहे का तेही बघा, विंडोजच्या त्याच काळ्या खिडकीत एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश एक्सपीआर, एक छोटी खिडकी येऊन सांगते. हे सगळं पैसे द्यायच्या आधी, नंतर तो दुकानदार ओळखसुद्धा दाखवत नाही.