कोकणातून नूनकडे: ७००० मीटरच्या मोहिमेची तयारी

नून शिखर ७१३५ मीटर उंच आहे. ते लडाखमध्ये, कारगिलच्या दक्षिणेला, सुरू नदीच्या खोऱ्यात आहे. क्लोद कोगां आणि पिएर विट्टोझ यांनी १९५३ साली तिथे पहिलं पाऊल ठेवलं. हल्ली बहुतेक मोहिमा पश्चिम धारेने जातात. मोसम जुलै ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडे पाऊस कोसळत असतानाचा. रत्नागिरी, चिपळूण, अलिबाग, कणकवली अशा ठिकाणी राहून या मोहिमेत सामील होणाऱ्यांना एक गोष्ट आधी स्पष्ट असावी. गाईड वाट ठरवतो, दोर लावून घेतो, हवामान बघतो, परतायचं कधी ते सांगतो. पण तुमचा दम, तुमची बोटं, बुटांचं माप आणि दोरावरच्या गाठीपाशी तुम्ही करायची कड्यांची अदलाबदल, यातलं काहीही तो तुमच्यासाठी करू शकत नाही. पुढची यादी या दुसऱ्या भागाची आहे.

पैसे भरण्याआधी अनुभव तपासा. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट किंवा मनालीची संस्था, यांपैकी कुठे तरी बेसिक कोर्स झालेला असावा आणि त्यानंतर निदान एक ६००० मीटरचं शिखर. देव तिब्बा (६००१ मीटर) किंवा कांग यात्से २ चालेल. कोकणातल्या माणसाच्या बाबतीत आम्ही यावर अडून बसतो. आपल्याला थंडी म्हणजे जानेवारीतली पहाट एवढीच माहीत असते. बोट बधिर होतंय की नुसतं गार पडलंय, हा फरक अंगाला आधीच कळलेला असावा लागतो. तो पहिल्यांदा ६३०० मीटरवर शिकायला गेलात तर हिमदंश होईपर्यंत पत्ता लागत नाही.

शरीराच्या तयारीला पूर्ण सहा महिने द्या. जुलैअखेरची तुकडी असेल तर जानेवारीअखेरीला सुरुवात. पहिले आठ आठवडे आठवड्यातून चार दिवस, तासभर, बोलता येईल इतक्याच वेगाने चालणं किंवा हळू धावणं. लोकांना हा वेग फार कमी वाटतो आणि ते पहिल्याच महिन्यात जोर लावून गुडघे दुखवून घेतात. शिखरावरचं काम मात्र दहाबारा तास संथ चालायचंच असतं. तिसऱ्या महिन्यापासून आठवड्यातला एक दिवस चढाचा: पाठीवर ८ किलोपासून सुरुवात, दर पंधरा दिवसांनी दोन किलो वाढ, १६ ते १८ किलोंवर थांबा. वजन म्हणून पाण्याचे कॅन घ्या आणि माथ्यावर ओतून टाका, म्हणजे उतरताना गुडघे वाचतात. शेवटच्या दोन महिन्यांत एका दिवसात ९०० ते १००० मीटर चढ आणि दुसऱ्या दिवशी, दमलेल्या पायांनी, पुन्हा चढ. खेडजवळची रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड ही रांग दोन दिवसांत करणं यासाठी उत्तम. रायगडाच्या पायऱ्या दोनदा चढणं हाही चांगला दिवस. जवळ गड नसेल तर शंभर मीटरची घाटी दहा वेळा चढा. गुहागरच्या कोरड्या वाळूत चालल्याने पोटऱ्या तयार होतात, पण त्याने चढाची भरपाई होत नाही.

एप्रिल-मेच्या दमट उन्हात हे सगळं पहाटे पाचला सुरू करून आठच्या आत संपवायचं. घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि नाडी उगाच चढते. त्या दिवसांत वेगाकडे बघू नका, नाडीकडे बघा. पाण्यात मीठ-साखर हवीच. पाऊस लागला की शेवाळलेल्या पायऱ्या आणि ओले कातळ सोडून द्या. मोहिमेला चार आठवडे उरलेले असताना घोटा मुरगळणं परवडत नाही. तेव्हा डांबरी घाटरस्ता किंवा उंच इमारतीचा जिना.

एक काम मात्र घरी होत नाही, ते म्हणजे विरळ हवेची सवय. ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो आणि शिखरावर त्याहून कमी. तोंडाला बांधायचे ते ‘उंचीचे’ मास्क श्वास अडवतात, हवा विरळ करत नाहीत. त्यांवर पैसे घालवू नका. प्राणायामाने श्वासावर ताबा येतो आणि तो उपयोगी आहेच, पण रक्तात होणारा बदल वरच्या मुक्कामांनीच होतो. म्हणून वेळापत्रक वाचताना एवढंच शोधा: ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढते का, आणि तीनचार दिवसांत एकदा विश्रांती आहे का? दिवसा वर जाऊन सामान ठेवून खाली झोपायला येणं वेळापत्रकात असायलाच हवं. साडेचार हजारांच्या आसपासचा बेस कॅम्प, ५४०० च्या आसपासचा कॅम्प वन आणि त्यावरचे दोन कॅम्प असं गणित एकवीस-बावीस दिवसांपेक्षा कमी वेळात बसवलं असेल, तर ती मोहीम स्वस्त असली तरी घेऊ नका.

सामानात आधी बूट. सात हजार मीटरला आतला बूट वेगळा निघणारे डबल बूट लागतात. माप संध्याकाळी घ्या, जाड मोजे घालून. चपलेची सवय असलेले आपले पाय पुढून रुंद असतात आणि उंचीवर ते सुजतात. उतारावर उभं राहून बोट पुढे टेकलं तर बूट लहान आहे. जुने किंवा कुणाचे तरी मागून आणलेले बूट असतील तर इथे कोकणचा खास धोका आहे. बुटाच्या तळातलं पॉलियुरेथेन दमट हवेत वर्षानुवर्षं आतून विरतं. वरून बूट नवा दिसतो आणि चौथ्या दिवशी तळवा सुटून येतो. अंगठ्याने तळाच्या कडेला जोरात दाबून बघा. भुगा पडला किंवा चीर दिसली तर तो बूट बाद. चिकटवून चालत नाही. तंबू आणि रेनकोटच्या आतला लेपही असाच चिकट होऊन सुटतो.

खाऱ्या वाऱ्यात कॅराबिनरच्या (दोरात अडकवायच्या धातूच्या कडीच्या) झडपेची स्प्रिंग अडकते. गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, झडप दहा वेळा उघडून-मिटून बघा. आपोआप मिटत नसेल ते कॅराबिनर घरीच ठेवा. क्रॅम्पॉन (बुटाखाली बसवायचे धातूचे दाते) आणि आईस ॲक्सच्या (बर्फाच्या कुऱ्हाडीच्या) पात्याला तेलाचा हात द्या. क्रॅम्पॉन बारा दातांचे, खाली बर्फ चिकटू नये म्हणून प्लेट असलेले आणि तुमच्याच बुटावर घरी बसवून पाहिलेले. बुटाला टाचेची खाच नाही आणि क्रॅम्पॉन खाचेत बसणारे, असा घोळ बेस कॅम्पवर निस्तरता येत नाही. पिसांची स्लीपिंग बॅग, उणे २५ अंशांच्या खालची, पिशवीत दाबून ठेवू नका. पावसाळ्यात पिसं दमट होऊन गोळे धरतात. निघायच्या आधी कोरड्या दिवशी बॅग उन्हात घालून झटका, सिलिका जेलच्या पुड्यांसह जाड प्लॅस्टिकमध्ये बांधा.

बाकीचं थोडक्यात. अंगालगत लोकरीचे किंवा सिंथेटिक कपडे. सुती बनियन एकही नको, कारण घाम धरून ठेवतं आणि थांबलात की गोठवतं. जाड डाउन जॅकेट. हातमोज्यांचे तीन जोड: पातळ, कामाचे, आणि मनगटाला दोरीने बांधलेले जाड मिटन. कॅटेगरी ४ चे (सर्वांत गडद काचेचे) गॉगल दोन, कारण एक हरवतो आणि बर्फावर डोळे उघडे राहिले तर काही तासांत आंधळेपणा येतो. रुंद तोंडाच्या दोन बाटल्या आणि एक थर्मास. नळीची पाणपिशवी वर गोठते. तंबूत लघवीसाठी वेगळी, हाताला ओळखू येईल अशी बाटली. हेल्मेट. मांडीचे पट्टे सुटणारा हार्नेस, जाड पँटवरून घालता येईल असा. जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड), डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन), कुलुपाचे चार कॅराबिनर, ६ मिलिमीटरच्या दोरीचे दोन प्रसिक (मुख्य दोराला गाठ मारून पकड घेणारे फास).

दोरावरचं काम घरी घोटून घ्या. कॅम्प वन आणि टूच्या मध्ये तीव्र बर्फाचा उतार आहे आणि तिथे फिक्स रोप, म्हणजे आधीच बांधून ठेवलेला दोर, असतो. अँकरपाशी (दोर पक्का बांधलेल्या जागी) आल्यावर आधी सुरक्षेचा कॅराबिनर अँकरच्या पुढच्या दोरात, मगच जुमार काढून पुढे. उलटं केलं की काही सेकंद तुम्ही कशालाच बांधलेले नसता. जवळच्या गिर्यारोहण संस्थेकडून फणसाच्या किंवा आंब्याच्या जाड खोडावर दोर लावून घ्या, मध्ये दोन अँकर बांधून घ्या आणि जाड मिटन घालून ही अदलाबदल शंभर वेळा करा. मिटनमध्ये जमेना म्हणून हात उघडा करायची सवय लागली तर तीच वर बोटं घालवते. थंडीचा सराव हवा असेल तर बंदरावरच्या बर्फ कारखान्यातून मासळीसाठीच्या बर्फाची एक लादी आणा, फोडून टबात टाका, त्यात कॅराबिनर आणि डिसेंडर अर्धा तास ठेवा, मग हातमोजे घालून तीच कामं करा. उघड्या हाताने नको. हा सराव स्वस्तातला आहे आणि कारखाना गावातच असतो.

खाण्याची सोय आयोजक करतात, पण ६००० मीटरच्या वर जेवण जात नाही आणि तिथे ओळखीची चव उपयोगी पडते. पाणी तिथे साधारण ८० अंशांना उकळतं, त्यामुळे भात कच्चा राहतो. पातळ पोहे गरम पाण्यात भिजतात, त्यावर मेतकूट आणि दूध पावडर, हे जमतं. आमसुलं चघळायला न्या, कोरड्या घशाला आंबट बरं वाटतं. आंबापोळी घरीच नखाएवढे तुकडे करून न्या, थंडीत ती दगडासारखी होते. काजू, खोबऱ्याच्या वड्या, चिक्की यांच्या रोजच्या वेगळ्या पुड्या बांधा. सुकी मासळी नको. तंबूत तिचा वास मळमळणाऱ्या सोबत्याला सहन होत नाही. पाणी रोज तीन ते चार लिटर.

वैद्यकीय तपासणी निघण्याच्या तीन महिने आधी. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा; लोह कमी असेल तर भरून यायला तेवढे महिने लागतात. चाळिशी ओलांडली असेल तर हृदयाची तपासणी. दातांचं काम उरकून घ्या. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारा. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढ सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. हे घरी एकदा घेऊन पाहिलेलं असलं की वर घाबरायला होत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लक्षणं लपवायची नाहीत. बसल्या जागी धाप आणि खोकला म्हणजे फुप्फुसात पाणी. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता न येणं म्हणजे मेंदूला सूज. दोन्हींवर उपाय खाली उतरणं हाच, तोही लगेच, रात्र असली तरी. भरलेले पैसे आठवून लोक डोकेदुखी गाईडपासून लपवतात. तसं केलं तर त्याच्या हातातलं एकमेव साधन, म्हणजे वेळ, तुम्ही काढून घेता.

आयोजकांना लेखी विचारा: इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची परवानगी आहे का, वरच्या कॅम्पवर एका गाईडमागे किती जण (दोनपेक्षा जास्त नकोत), ऑक्सिजनचा सिलिंडर आणि दाबाची पिशवी (आजाऱ्याला आत ठेवून हवेचा दाब वाढवायची) कुठे ठेवणार, हवामानासाठी राखीव दिवस किती, हमालांचा विमा आहे का. स्वतःच्या विम्यात ‘दोराच्या साहाय्याने गिर्यारोहण’ आणि उंचीची मर्यादा लिहिलेली हवी. सॅटेलाइट फोन किंवा तशी उपकरणं आपल्याबरोबर नेऊ नका. भारतात विनापरवाना ती बाळगणं गुन्हा आहे.

प्रवासाचं गणित कोकणात वेगळं असतं. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात आणि दरड आली तर अडकतात. मंगला एक्स्प्रेसने दिल्लीला जाणार असाल तर तिथे पुढच्या प्रवासाआधी दोन मोकळे दिवस ठेवा. श्रीनगर, झोजी ला, द्रासमार्गे कारगिलला (२६७६ मीटर) पोचणं अंगाला सोपं. विमानाने थेट लेहला उतरलात तर पहिलीच रात्र ३५०० मीटरवर, मग दोन दिवस काहीही न करता पडून राहायचं. तुकडी ऑगस्टची असेल तर गणपतीची तारीख बघा. चतुर्थीच्या आधी कोकणात येणाऱ्या गाड्यांत तिकीट मिळत नाही, आणि घरी येतो म्हणून शब्द दिलेला माणूस हवामान बिघडल्यावर राखीव दिवस वापरायला तयार होत नाही. परतीची तारीख चतुर्थीच्या दहा दिवस आधीची किंवा सरळ विसर्जनानंतरची तुकडी घ्या.

शेवटच्या दहा दिवसांत वजन घेऊन चढ बंद, झोप भरपूर, आणि गर्दीच्या गाडीत मास्क. सर्दी-खोकला घेऊन वर गेलात तर फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो, म्हणून ताप आलाच तर आयोजकांना निघण्याआधी कळवा. पोस्टपेड सिम घ्या. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड लडाखमध्ये चालत नाहीत. घरच्यांसाठी एका कागदावर आयोजकांचा कारगिलमधला नंबर, विम्याचा क्रमांक, रक्तगट आणि तुकडीचं वेळापत्रक लिहून ठेवा. सुरू खोऱ्यातल्या तांगोल गावाच्या पुढे फोन लागणार नाही, सलग दोन आठवडे लागणार नाही, हेही त्यावर ठळक लिहा.