टूलरूम बंद होण्याआधी आपली डाय ताब्यात कशी घ्यावी

खंडेनवमीला मशीनना हार घालायचे, दिवाळीपर्यंत हातातली कामं उरकायची आणि मग शटर ओढायचं, असं मी यंदा ठरवलंय. भोसरी एमआयडीसीत मी १९८४ पासून आहे. आयटीआय करून आधी दुसऱ्यांकडे फिटर होतो, मग स्वतःचा गाळा घेतला. टूलरूम म्हणजे डाय, प्रेसमध्ये पत्रा कापायचा-वाकवायचा पोलादी साचा, बनवणारा कारखाना. आमच्या गल्लीत एके काळी सात टूलरूम होत्या. आता मला धरून दोन उरल्यात.

का, ते थोडक्यात सांगतो. शंभर-दोनशे नगांसाठी आता कुणी ब्लँकिंग डाय (पत्र्यातून नग कापून काढणारी) बनवत नाही, लेझरवर पत्रा कापून घेतात. मोठ्या डाय चीनमधून तयार येतात. आमच्या कारागिरांची मुलं हिंजवडीला गेली आणि बरं झालं, चार पैसे वेळेवर मिळतात. आमचं बिल मात्र तीन-चार महिने लटकतं. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं ४५ दिवसांची मुदत घातलीय, पण ज्याच्या कामावर गाळा चालतो त्याच्यावर तक्रार कोण टाकणार?

हे मी प्रेसशॉपवाल्यांसाठी, म्हणजे प्रेसवर डाय लावून पत्र्याचे पार्ट काढणाऱ्यांसाठी, लिहितोय. तुमच्या दहा-वीस डाय कुठल्या तरी टूलरूमच्या रॅकवर पडून असतील. दोन वर्षांपूर्वी माझ्या शेजारचे मिस्त्री अचानक गेले. मुलांना या धंद्यातलं काही माहीत नव्हतं, त्यांनी दोन महिन्यांत गाळा रिकामा केला. नंतर भंगारवाल्याच्या काट्यावर एक प्रोग्रेसिव्ह डाय, म्हणजे एकामागून एक स्टेजमध्ये पार्ट घडवणारी, मी डोळ्यांनी पाहिली. वरचा-खालचा भाग जुळवणारे गाईड पिलर चकचकीत, पत्रा कापणाऱ्या पंचांना धार तशीच, आणि वजन चाललं होतं लोखंडाच्या भावानं. ती कुणाची होती ते मला माहीत होतं. मी त्यांना फोन केला म्हणून ती वाचली.

म्हणून आधी यादी करा. कुठली डाय, कुठल्या पार्टची, कुणाकडे, कुठल्या चलनावर (मालाबरोबरच्या कागदावर) गेली. जॉबवर्कला, म्हणजे बाहेर काम करून घ्यायला, दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आणावा लागतो, पण डाय, मोल्ड, जिग, फिक्स्चर यांना जीएसटी कायद्यात ती मुदत नाही. त्यामुळे डाय वर्षानुवर्षं बाहेर राहते आणि चलन कुणाच्या फायलीत आहे हेही विसरायला होतं. डायच्या खालच्या प्लेटवर तुमचं नाव आणि पार्ट नंबर ठोकलेला नसेल तर आजच जाऊन ठोकून घ्या. रंगानं लिहिलेलं तेलात पुसून जातं.

डाय नुसती टेम्पोत टाकून आणू नका. मिस्त्री समोर असताना, तुमच्याच पत्र्यावर ट्रायल घ्या आणि शेवटची पट्टी (नग कापून उरलेला पत्रा) आणि शेवटचे पाच नग डायबरोबर बांधून ठेवा. माझ्या लेखी ती पट्टी ड्रॉइंगपेक्षा मोलाची आहे. ड्रॉइंगवर डाय कशी असायला हवी ते असतं, पट्टीवर ती आज कशी आहे ते दिसतं.

पट्टी उजेडात धरा आणि कापलेली कड बघा. साध्या सीआरसी (थंड रोल केलेल्या) पत्र्यात जाडीचा साधारण तिसरा हिस्सा चकचकीत दिसतो, बाकीचा खरखरीत तुटलेला. नगाला बर, म्हणजे कडेला उभी राहणारी धारदार कुस, येत असेल तर पंच बोथट झालाय, पट्टीतल्या भोकाला बर येत असेल तर खालची डाय. बर चारी बाजूंनी सारखी असेल तर धार लावून काम भागतं. एकाच बाजूला असेल तर धारेला हात लावू नका, आधी पिलरवरचे बुश ढिले झालेत का आणि डॉवेल (प्लेटा जागेवर धरणारे पिन) सरकलीत का ते तपासा. क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि डायमधली फट, किती ठेवलाय हेही मिस्त्रींना विचारून लिहून ठेवा. १.६ मिमी पत्र्याला मी एका बाजूला जाडीच्या सहा टक्के धरतो, म्हणजे जवळजवळ ०.१० मिमी. पुढच्यानं नवा पंच करताना हा आकडा अंदाजानं धरला तर डायचा स्वभावच बदलतो.

आता शिमबद्दल, म्हणजे उंची जुळवायला खाली घालतात त्या पातळ पत्रीबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं.

एका क्लॅम्पची डाय माझ्याकडे होती, शेवटच्या स्टेजला यू बेंड. पत्रा उसळायचा, ९० च्या जागी साडेएक्याण्णव अंश यायचा. मी बेंडिंग पंचाखाली पितळी पट्टीची ०.१० ची शिम कापून घातली आणि कोन बरोबर बसला. सहा वर्षं ती डाय चालली. पुढे पार्टीनं ती दुसरीकडे नेली. तिथल्या पोरानं डाय उघडली, सगळं रॉकेलनं स्वच्छ धुतलं आणि ती तेलकट पितळी चिंधी कचरा समजून टाकून दिली. त्याचा काय दोष? ती तिथं आहे हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. चार हजार नग वेल्डिंग फिक्स्चरमध्ये बसेनात. मला फोन आला तेव्हा मी एका वाक्यात कारण सांगितलं, पण तोवर माल वाया गेला होता. त्या दिवसापासून जिथं शिम घालतो तिथं प्लेटवर जाडी ठोकतो.

तेव्हा मिस्त्रींना एक प्रश्न नक्की विचारा: ‘कुठं कुठं शिम आहे आणि का?’ त्यांना लगेच आठवणार नाही. डाय समोर उघडायला लावा, हात लागला की आठवतं. उघडण्याआधी प्रत्येक पंच आणि त्याच्या घरावर एकच नंबर ठोका, नाहीतर चौकोनी पंच उलटा बसतो. जोडताना आधी डॉवेल, मगच ॲलन बोल्ट आवळायचे. हे सगळं मोबाईलवर चित्रित करा आणि मिस्त्री बोलतात ते मध्ये न अडवता रेकॉर्ड होऊ द्या.

डायचं उरलेलं आयुष्य मोजायला सोपं आहे. कटिंगच्या भोकात वरून काही मिमी सरळ भाग असतो, त्याखाली उतार सुरू होतो. हा सरळ भाग मोजा. ३ मिमी उरला असेल आणि दर शार्पनिंगला ०.१५ मिमी जात असेल तर २० वेळा धार लागेल. दर धारेमागे किती नग निघतात ते तुमच्या रजिस्टरमध्ये असेलच, गुणाकार करा. धार लावल्यावर कटिंगचा भाग खाली जातो आणि बेंडिंगचा तिथंच राहतो, म्हणून कटिंगच्या डाय इन्सर्टखाली (बदलता येणाऱ्या तुकड्याखाली) तेवढीच शिम द्यावी लागते. हे नव्या माणसाला सांगायला विसरू नका.

स्टील कुठलं हेही कागदावर घ्या. डी-२ आहे की ओएचएनएस, आणि हार्डनिंगची चिठ्ठी असेल तर तीही. कटिंगचे पंच आम्ही ५८ ते ६० एचआरसी कडकपणाला ठेवतो. डी-२ ची तुटलेली कड कुणी गरम न करता वेल्डिंगनं भरली तर शेजारी तडा जातो आणि तो दिसतो पहिल्या हजार नगांनंतर. शेवटची चौकशी वायरकटच्या, म्हणजे विजेच्या तारेनं स्टील कापायच्या, फाइलची. बहुतेक टूलरूम वायरकट बाहेरून करून घेतात, फाइल त्या जॉबवाल्याच्या संगणकात असते. ती मागून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा.

घरी आणल्यावर कडांना ग्रीस, दोन्ही भागांमध्ये लाकडी ठोकळा, आणि पट्टी तेलकागदात गुंडाळून त्याच डायला बांधलेली. आपल्याकडच्या पावसाळ्यात एका जुलैत धार गंजते.

नवा टूलमेकर शोधताना त्याची मशीनं बघून भुलू नका. एखादी लहान दुरुस्ती द्या आणि तो पहिलं काय मागतो ते पाहा. ‘शेवटची पट्टी आहे का?’ असं ज्यानं विचारलं त्याच्याकडे डाय ठेवा. शिकलेली पोरं अजून मिळतात. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा चार वर्षांचा आहे. तसा एखादा मुलगा आत्ताच कामावर घ्या आणि तुमचे जुने मिस्त्री गाळ्यात आहेत तोवर महिनाभर त्यांच्या शेजारी उभा करा. पगार तुम्ही द्या. मिस्त्री शिकवायचे पैसे मागणार नाहीत, पण तुम्ही तेही द्या.

माझ्याकडे ज्यांच्या डाय आहेत त्यांनी दिवाळीची वाट पाहू नये. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, बाकी कुठल्याही दिवशी सकाळी नऊला या, कारण एका डायला दिवस जातो. पत्रा तुमचा आणा, आणि जो माणूस पुढे ती डाय चालवणार आहे त्याला बरोबर घेऊन या.