बिजागरीचा तुटका बोल्ट

अण्णांचा १९६८चा टाटा-मर्सिडीज ट्रक. ड्रायव्हरकडच्या दाराच्या बिजागरीचे दोन बोल्ट मुंडी तुटून आतच राहिलेले.

आधी दाराखाली जॅक आणि त्यावर लाकडी ठोकळा द्या, वजन तोलून धरा. बिजागरीभोवती खडूनं रेघ मारा, नाहीतर नंतर दार बसवताना रडाल. बोल्ट एकेक करूनच काढा. काही केबिनमध्ये आट्यांची पट्टी खांबाच्या आत सुटी असते, ती पडली की दिवस गेला.

तुटक्या तुकड्यावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. मग बरोबर मध्यावर टोकदार पंच ठोकून खूण करा. इथे घाई नको. पंच सरकला तर ड्रिल आट्यांत घुसतं. आधी ३ मिमी, मग ५ मिमी भोक, त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार. हलत नसेल तर जोर करू नका. तो आत मोडला तर साध्या पोलादापेक्षा कडक, ड्रिल लागतच नाही. माझा मोडलाय.

आटे खराब झाले तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. एम८, म्हणजे ८ मिमीच्या बोल्टसाठी भोक ६.८ मिमी. नवे बोल्ट ८.८ ग्रेडचे (मजबुतीचा दर्जा), ग्रीस लावून. रेघेवर बिजागरी जुळवा, दार लावून बघा, मगच आवळा.